कैद्याची इच्छा, राज्याची संमती : वाचकांचे प्रश्न

आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. चौघांचे विषय वेगळे आहेत, पण चारही पत्रे वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न येत राहिला : एखादी गोष्ट कायदेशीर ठरण्यासाठी नेमकी कोणाची संमती लागते, आणि ज्याच्या आयुष्याचा तो प्रश्न असतो त्याला कोणी कधी विचारते का? पहिल्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला इतिहास आपल्याकडे जवळजवळ विसरला गेला आहे.

प्रश्न : माझे आजोबा १९५३ मध्ये भारतीय लष्कराच्या तुकडीबरोबर कोरियाला गेले होते. "आम्ही लढायला नव्हे, कैदी राखायला गेलो होतो," असे ते सांगत. भारत त्या युद्धात लढत नव्हता, तर दुसऱ्यांचे कैदी राखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि आजोबांना संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील सैनिक म्हणता येईल का? (कोल्हापूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आजोबा सांगत ते अक्षरशः खरे आहे. ते ज्या दलाबरोबर गेले त्याचे नावच 'कस्टोडियन फोर्स (इंडिया)', म्हणजे राखणदार दल, असे होते, आणि त्याचे सेनापती मेजर जनरल शं. पां. पा. थोरात हे आपल्याच जिल्ह्यातले, वडगावचे. मात्र हे दल संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नव्हते आणि असूही शकत नव्हते, कारण त्या युद्धात संयुक्त राष्ट्रे स्वतःच एक पक्ष होती. अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजा संयुक्त राष्ट्रांच्या निशाणाखाली लढत होत्या आणि समोर उत्तर कोरिया व चीन होते. म्हणून भारतीय दलाचा अधिकार सुरक्षा परिषदेच्या ठरावातून आला नाही. लढणाऱ्या दोन्ही सेनापतिमंडळांनी आपसांत केलेल्या करारातून तो आला. दोघांनाही चालेल असा तिसरा हवा होता, आणि तो तिसरा भारत ठरला.

असा तिसरा का लागला हे समजण्यासाठी १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारापर्यंत मागे जावे लागते. त्या कराराचे ११८ वे कलम सांगते की, प्रत्यक्ष लढाई थांबताच युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी परत पाठवावे. सातवे कलम आणखी पुढे जाऊन म्हणते की, कराराने दिलेले हक्क कैद्याला स्वतःहूनही सोडता येणार नाहीत. दुसरे महायुद्ध संपल्यावर लाखो कैदी वर्षानुवर्षे अडकून पडले होते, आणि त्या अनुभवावरून ही कलमे कडक करण्यात आली. उद्देश कैद्याच्या भल्याचाच होता. पण ज्या कैद्याला परतच जायचे नाही त्याचे काय करायचे? हा प्रश्न करार लिहिणाऱ्यांपुढे आला होता. ज्या कैद्याची परत जाण्याची इच्छा नसेल त्याला दुसरीकडे जाण्याची मुभा असावी, अशी दुरुस्ती ऑस्ट्रियाने सुचवली आणि ती फेटाळली गेली. दोनच वर्षांनी कोरियात नेमकी तीच परिस्थिती उभी राहिली.

चिनी कैद्यांमध्ये असे हजारो जण होते, जे पूर्वी कम्युनिस्टविरोधी चिनी नेते चँग कै-शेक यांच्या सैन्यात लढले होते आणि यादवी युद्धानंतर कम्युनिस्ट सैन्यात सामील करून घेतले गेले होते. कोरियन कैद्यांपैकी अनेकांची घरे मुळात दक्षिणेत होती. चीन व उत्तर कोरिया म्हणत, कलम स्पष्ट आहे, सगळे परत द्या. अमेरिका म्हणे, ज्याला जायचे नाही त्याच्यावर बळजबरी करणार नाही. नुसत्या कलमाच्या शब्दांवर पाहिले तर कम्युनिस्ट बाजूचा युक्तिवाद अधिक भक्कम होता, हे मान्य करावे लागते. परंतु महायुद्धानंतर पाश्चात्त्य राष्ट्रांनी सोव्हिएत कैद्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध स्टॅलिनच्या हवाली केले होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे पुढे काय झाले हे तोवर सर्वांना कळले होते. या एका मुद्द्यावर वाटाघाटी सुमारे दीड वर्ष रखडल्या, आणि तेवढा काळ आघाडीवर माणसे मरत राहिली.

३ डिसेंबर १९५२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने व्ही. के. कृष्ण मेनन यांनी मांडलेला भारताचा प्रस्ताव ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. कैद्याला परत पाठवण्यासाठीही बळ वापरायचे नाही आणि परत जाण्यापासून रोखण्यासाठीही नाही, हे त्याचे सार होते. चीनने आणि सोव्हिएत संघाने त्या वेळी तो झिडकारला. तरीही पुढच्या जूनमध्ये जो करार झाला त्याचा सांगाडा याच प्रस्तावाचा होता. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत या पाच देशांचा तटस्थ राष्ट्र आयोग नेमला गेला, लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या त्याचे अध्यक्ष झाले आणि पहाऱ्याचे काम एकट्या भारताकडे आले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना ही व्यवस्था इतकी नापसंत होती की, १८ जून १९५३ रोजी त्यांनी आपल्या ताब्यातील छावण्यांमधून सुमारे २७ हजार उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून दिले, आणि भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे आपले जवान इंचॉन बंदरातील जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधील लष्करमुक्त पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे उभ्या राहिलेल्या त्यांच्या वसाहतीला 'हिंदनगर' असे नाव पडले. हे नाव आपण आजोबांच्या तोंडून कदाचित ऐकले असेल.

आपल्या दलाच्या ताब्यात दक्षिणेकडून २२ हजार ६०४ कैदी आले. त्यांत १४ हजार ७०४ चिनी होते. उत्तरेकडून ३५९ आले, त्यांपैकी २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश. नव्वद दिवस दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी आपापल्या कैद्यांना भेटून, परत आलात तर काय होईल हे समजावून सांगायचे आणि मग प्रत्येकाने भारतीय पहाऱ्यात, एकट्याने, आपला निर्णय सांगायचा, अशी योजना होती. कागदावर याहून न्याय्य पद्धत सुचवणे कठीण आहे. पण नव्वदपैकी प्रत्यक्षात दहाच दिवस हे काम झाले. कैद्यांच्या आवारांवर आतल्या टोळ्यांचे राज्य होते. परत जाऊ इच्छिणाऱ्यांना मारहाण होई. अनेकांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या होत्या, म्हणजे ज्याला परत जायचे असेल त्याची ती वाटही बंद. एकदा एका भारतीय मेजरला चिनी कैद्यांनी आवारात धरून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि शांतपणे बोलून त्यांना सोडवून घेऊन आले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली आणि काही कैदी दगावले. ज्यांची इच्छा जाणून घ्यायला आपण गेलो होतो त्यांच्यावरच गोळी चालवण्याची वेळ आली, याचा सल थिमय्या व थोरात यांना किती वाटला असेल याची कल्पना करवत नाही.

या साऱ्या प्रकरणाकडे अभ्यासक दोन अंगांनी पाहतात. मोनिका किम यांच्यासारख्या इतिहासकार म्हणतात की, सीमारेषा पूर्वीच्याच जागी येऊन थांबल्यावर हे युद्ध भूमीसाठी राहिले नाही. ते कैद्याच्या मनावरील ताब्यासाठी सुरू राहिले, आणि 'स्वेच्छा' हा शब्दच त्यात हत्यार झाला. कायद्याचे अभ्यासक दुसरी बाजू दाखवतात. कोरियानंतर ११८ व्या कलमाचा अर्थ हळूहळू बदलला, आणि मायदेशी छळ होण्याची खरी भीती असलेल्या कैद्याला जबरदस्तीने परत पाठवू नये ही भूमिका रेडक्रॉसच्या भाष्यातही रुजली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परत जाण्यास नकार देणारे इराकी कैदी सौदी अरेबियातच राहू शकले ते याच समजुतीमुळे. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. हिंदनगरात घेतलेली 'इच्छा' बरीचशी भीतीने घडवलेली होती, पण राज्याच्या ताब्यातील माणसाला त्याची इच्छा विचारली पाहिजे हा दंडकही तेथेच घातला गेला, आणि तो घालताना पहाऱ्यावर आपल्या आजोबांसारखी माणसे उभी होती.

उरलेल्या कैद्यांविषयी निर्णय घेणारी राजकीय परिषद कधी भरलीच नाही. तेव्हा थिमय्यांनी त्यांना जानेवारी १९५४ मध्ये ज्याच्या त्याच्या मूळ ताब्यात परत दिले, आणि बहुतेक चिनी कैदी तैवानला गेले. ८८ जणांनी मात्र उत्तरही नको आणि दक्षिणही नको असे सांगितले. ते फेब्रुवारीत भारतीय दलाबरोबर भारतात आले. त्यांच्याविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय सैन्यालाही आपण 'शांतिसेना'च म्हणतो. ती आणि संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना यांत कायद्याच्या दृष्टीने फरक काय? (पुणे)

उत्तर : फरक हुकूम कोणाचा यात आहे. श्रीलंकेत गेलेले सैन्य २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारान्वये गेले होते. ते दिल्लीच्या आज्ञेखाली होते आणि संयुक्त राष्ट्रांचा त्याच्याशी संबंध नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सैनिक भारताचा असला तरी मोहिमेची सूत्रे महासचिवांकडून चालतात.

गंमत अशी वाटेल, पण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शांतिसेना हा शब्दच नाही. १९५६ मध्ये इजिप्तमधील सुएझ कालव्यावरून युद्ध पेटले, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या नकाराधिकारामुळे सुरक्षा परिषद निरुपयोगी झाली, तेव्हा आमसभेने, कॅनडाचे लेस्टर पिअर्सन आणि महासचिव डाग हामरशोल्ड यांच्या प्रयत्नातून, शस्त्रधारी शांतिदलाची पहिली मोहीम उभी केली. यजमान देशाची संमती, निःपक्षपात, आणि स्वसंरक्षणाशिवाय शस्त्र न उचलणे हे तिचे तीन नियम तेव्हापासून चालत आले. यांपैकी पहिल्या नियमाची किंमत भारताने स्वतः मोजली आहे. इस्रायलने हे दल आपल्या हद्दीत येऊच दिले नाही, म्हणून ते फक्त इजिप्तच्या बाजूला उभे होते. मे १९६७ मध्ये इजिप्तने संमती काढून घेताच महासचिव ऊ थांट यांना ते मागे बोलवावे लागले. त्या वेळी सेनापती मेजर जनरल इंद्रजित रिखी होते. ५ जूनला युद्ध सुरू झाले तेव्हा आपले जवान अजून गाझातच परतीच्या वाटेवर होते, आणि त्यांतील काही तोफगोळ्यांना बळी पडले.

श्रीलंकेतही तिढा संमतीचाच होता. सरकारची सही होती, पण ज्यांच्याकडून शस्त्रे खाली ठेवून घ्यायची होती त्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेची सही करारावर नव्हती. काही आठवड्यांत ज्यांच्यात समेट घडवायचा त्यांच्यापैकी एकाशी आपण लढत होतो. पुढे अध्यक्ष प्रेमदासांनी सैन्य परत न्या असे सांगितल्यावर सरकारची संमतीही उरली नाही, आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. सुमारे बाराशे भारतीय जवान तेथे कामी आले. त्यांचे शौर्य कोणत्याही नावाने कमी होत नाही, पण त्या मोहिमेला शांतिसेना म्हणताना या शब्दाचा कायदेशीर अर्थ तिला लागू पडत नव्हता, हे अभ्यासकाने लक्षात ठेवले पाहिजे.

प्रश्न : दादरा-नगर हवेलीचा खटला हेगच्या न्यायालयात आपण जिंकलो असे लहानपणापासून ऐकत आलो. मग १९६१ च्या गोवा मुक्तीला परदेशी लेखक 'आक्रमण' का म्हणतात? आणि त्या खटल्यात पेशव्यांच्या सनदा वाचल्या गेल्या होत्या हे खरे का? (फोंडा, गोवा)

उत्तर : शेवटचा भाग आधी घेतो, कारण तो मला अतिशय प्रिय आहे. होय, खरे आहे. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी पोर्तुगिजांच्या ताब्यातील दादरा आणि नगर हवेली मुक्त केल्यावर भारताने पोर्तुगिजांना दमणहून तेथे जाऊ दिले नाही. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला, १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला खटला दाखलही केला. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली आणि या खटल्यापुरते भारताचे न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती म. क. छागला बसले.

पोर्तुगालचे म्हणणे असे की, १७७९ च्या पुणे तहाने आणि त्यानंतर १७८३ व १७८५ मध्ये दिलेल्या सनदांनी मराठ्यांनी ही गावे आपल्याला सार्वभौम म्हणून दिली. तहात दमण परगण्यातील बारा हजार रुपयांचा महसूल तोडून दिल्याचा उल्लेख होता. भारताने तो तह वैध नव्हताच असे सांगितले, परंतु न्यायालयाने ते मानले नाही. अठराव्या शतकातील तहाला नंतर रूढ झालेली मोजमापे लावता येत नाहीत, आणि स्वतः मराठे तो तह बंधनकारक मानून वागत होते, असे त्याने म्हटले. पुणे दरबाराला आपल्या शब्दाला जागणारे राज्य म्हणून मिळालेली ही मान्यता आहे, आणि ती भारताच्या युक्तिवादाच्या विरोधात जाऊन मिळाली. युरोपीय लोक येण्यापूर्वीच आशियातील राज्ये राष्ट्रांच्या कायद्यात सहभागी होती, असे मद्रासला शिकवणारे पोलिश कायदेपंडित अलेक्झांड्रोविच त्याच काळात मांडत होते. त्या मताला हा निकाल जवळचा आहे.

मात्र त्या सनदांनी दिले काय, या प्रश्नावर न्यायालय भारताच्या बाजूला आले. पेशव्यांच्या इतर तहांत जेथे प्रदेशच द्यायचा होता तेथे कायमच्या अधिकाराचे शब्द होते, येथे ते नव्हते. येथे जे दिले तो सरंजाम होता, म्हणजे महसुलाची नेमणूक. भूमीवरचे राज्य त्यात नव्हते. मराठी वाचकाला सरंजामाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही, पण हेगमध्ये त्या एका शब्दावर तासन् तास युक्तिवाद झाले असणार.

आता 'आपण जिंकलो' या समजुतीविषयी. १२ एप्रिल १९६० चा निकाल त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. न्यायालयाने असेही म्हटले की, मराठ्यांनी दिले नसले तरी पुढे इंग्रजांनी, आणि त्यांच्यामागून भारताने, त्या गावांवरील पोर्तुगिजांचे राज्य वागणुकीतून मान्य केले होते. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क दीर्घ वहिवाटीने निर्माण झाला होता, हे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. दोनच देशांमधील वहिवाटीनेही कायदा निर्माण होऊ शकतो, हे तत्त्व आज जगभरच्या विद्यार्थ्यांना याच खटल्यातून शिकवतात. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना असा हक्क नव्हता, हे अवघ्या ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. आणि १९५४ च्या तंग परिस्थितीत वाट अडवून भारताने कर्तव्याचा भंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. थोडक्यात, भारत दोषमुक्त झाला, पण ती भूमी भारताची आहे असे हेगने कधीही म्हटले नाही.

गोव्याचा प्रश्न याहून अवघड होता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे दुसरे कलम राज्यांना परस्परांच्या प्रदेशाविरुद्ध बळ वापरण्यास मनाई करते. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी आणला. त्याला सात मते अनुकूल आणि चार प्रतिकूल पडली, आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला. सोव्हिएत संघाव्यतिरिक्त विरोधात मत देणारे सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त) हे तिघेही आशिया-आफ्रिकेतले होते. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांचा युक्तिवाद असा की, वसाहत हेच चारशे वर्षे चालू असलेले आक्रमण आहे आणि त्यावर पोर्तुगालचा सार्वभौम हक्क मुळात नाहीच. आदल्या वर्षी आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याविषयीचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला होता, त्याचा आधार त्यामागे होता.

त्या काळच्या पाश्चात्त्य पंडितांनी कलमाचे शब्द धरले आणि कृती बेकायदा ठरवली. आर. पी. आनंद यांच्यासारख्या भारतीय पंडितांनी प्रतिप्रश्न केला की, जो कायदा आम्ही पारतंत्र्यात असताना आमच्याविना बनला, तो जसाच्या तसा आमच्यावर कसा बांधील? माझे मत स्पष्ट सांगतो. १९६१ साली कलमाच्या शब्दांपुढे भारताची बाजू दुबळी होती आणि न्यायाच्या दृष्टीने ती बळकट होती. पुढे कायदाच न्यायाच्या दिशेने सरकला, आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालनेही विलीनीकरण मान्य केले. हे प्रांजळपणे सांगण्यात स्वातंत्र्यसैनिकांचा कोणताही अवमान नाही. आणि गोमंतकीयांची इच्छा? तिची विचारणा १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात झाली, तीही वेगळ्या प्रश्नावर, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावर. त्या निकालाने आमच्यापैकी अनेकांची मने तेव्हा दुखावली, तरी गोव्याच्या माणसाला मतपेटीपाशी नेऊन त्याच्या भवितव्याविषयी विचारले गेले ही गोष्ट मोठी होती.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. मग येथे आलेल्या निर्वासिताला परत न पाठवण्याचे कोणतेच बंधन भारतावर नाही का? प्रबंधासाठी दिशा हवी आहे. (नाशिक)

उत्तर : कोल्हापूरजवळच्या वळिवड्यापासून सुरुवात करा. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने घरादारातून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियात नेलेली ही माणसे, बहुतांशी बायका आणि मुले. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने विस्थापित झालेले सिंधी आले आणि त्या जागेचे गांधीनगर झाले. एकाच जागेवर आलेल्या या दोन समूहांपैकी १९५१ च्या कराराच्या नजरेसमोर होते ते पहिल्यासारखे, युरोपातून विस्थापित झालेले लोक. दुसऱ्या समूहाला करारातील निर्वासिताच्या व्याख्येत जागा नव्हती. भारत त्या करारापासून दूर का राहिला याचे एक मोठे कारण येथे मिळते.

निर्वासितांच्या कायद्याचे अभ्यासक बी. एस. चिमणी यांचे लेखन अवश्य अभ्यासावे. शीतयुद्ध संपल्यावर, गरीब देशांतून येणारा निर्वासित पूर्वीच्या युरोपीय निर्वासितापेक्षा वेगळाच आहे असा समज पाश्चात्त्य अभ्यासात पसरवला गेला, आणि त्या आधारावर दारे बंद करण्याचे समर्थन झाले, असे त्यांनी दाखवून दिले आहे. मला हा मुद्दा मोलाचा वाटतो, पण एक सावधगिरी सुचवतो. करार पक्षपाती होता हे खरे असले, तरी त्यामुळे आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाच नसण्याचे समर्थन होत नाही. तिबेटी लोकांना १९५९ पासून आसरा मिळाला, १९७१ मध्ये सुमारे एक कोटी माणसांना आपण सांभाळले, पण हे सारे सरकारच्या इच्छेवर झाले. इच्छा बदलली की माणसाच्या हाती दाखवायला काही उरत नाही.

बंधन अगदीच नाही असे मात्र नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला आहे. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ मध्ये सही केली, पण मान्यता दिलेली नाही. राज्यघटनेचे २१ वे कलम 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते, आणि त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या जीविताचे रक्षण करण्यास राज्य सरकारला बजावले. उलट ८ एप्रिल २०२१ रोजी, जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने २१ वे कलम सर्वांना लागू असल्याचे मान्य करूनही हद्दपारीपासून संरक्षणाचा हक्क हा नागरिकांच्या निवासहक्काला जोडलेला आहे असे म्हटले, आणि विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय हद्दपारी करू नये एवढेच बंधन घातले. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे, पण निर्वासित आणि इतर परकीय यांच्यात भेद करणारी स्वतंत्र व्यवस्था त्यातही नाही. माझ्या मते प्रबंधाचा गाभा या दोन निकालांमधील अंतरात आहे. जीविताचे रक्षण करायचे, पण मृत्यूच्या तोंडी परत पाठवण्याला आडकाठी नाही, ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात?

आणि कोरियाहून आलेल्या त्या ८८ जणांचे प्रकरण एखाद्या परिशिष्टात जरूर घ्यावे. त्यांच्यासाठी भारतात कोणताही कायदा नव्हता. सरकारने त्यांना दिल्लीत ठेवले आणि घेणारा देश शोधण्यात दोन वर्षे गेली. अखेर बहुतेक जण ब्राझील आणि अर्जेंटिना येथे गेले, काही थोडे येथेच राहिले. त्यांना कोठे जायचे आहे हे विचारले गेले होते, आणि उत्तर मिळेपर्यंत कोणी त्यांना परत ढकलले नाही. वाचनाचा क्रम म्हणाल तर २०२१ चा आदेश आधी घ्या, तो लहान आहे. १९९६ चा निकाल त्यानंतर वाचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून घटनेतील 'व्यक्ती' या शब्दाखाली रेघ मारा.